बोस्टनचा हिवाळा : पडलेल्या संघाने पैसा कसा मांडला

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम वसंतात सुरू होतो, पण त्याचा पाया आधीच्या हिवाळ्यात घातला जातो. ऑक्टोबरअखेर वर्ल्ड सिरीज संपते आणि फेब्रुवारीच्या मध्याला पिचर व कॅचर सराव शिबिरात हजर होतात. मधल्या साडेतीन महिन्यांत कोणाला ठेवायचे, कोणाला सोडायचे, बाहेरून कोणाला आणायचे आणि कोणाला किती वर्षांचा शब्द द्यायचा हे ठरते. चांगल्या हंगामानंतर हे काम डागडुजीपुरते असते. वाईट हंगामानंतर मात्र सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. बोस्टन रेड सॉक्स या संघाने २०१२-१३ च्या हिवाळ्यात मांडलेला हिशेब या कामाचा उत्तम नमुना आहे.

२०१२ मध्ये रेड सॉक्सने १६२ सामन्यांपैकी ६९ जिंकले आणि ९३ गमावले. १९६५ नंतर या संघाची इतकी वाईट अवस्था झाली नव्हती. त्याआधीच्या वर्षीचा शेवटही कडू होता. सप्टेंबर २०११ मध्ये २७ पैकी २० सामने हरून संघाने हातात आलेली बाद फेरी घालवली. त्यानंतर मॅनेजर टेरी फ्रँकोना गेले, जनरल मॅनेजर थिओ एपस्टाईन शिकागो कब्जकडे गेले आणि त्यांची खुर्ची बेन चेरिंग्टन यांच्याकडे आली. नवे मॅनेजर बॉबी व्हॅलेंटाईन एकच हंगाम टिकले. संघाचा पगारखर्च तेव्हा लीगमधील सर्वांत मोठ्या खर्चांपैकी होता, म्हणजे पैसा कमी पडला असे म्हणायला जागा नव्हती.

योजनेची पहिली पायरी निदानाची असते. ६९ हा आकडा जसाच्या तसा धरून चालत नाही, कारण एका धावेने जिंकलेल्या वा हरलेल्या सामन्यांत योगायोगाचा वाटा मोठा असतो. संघाने केलेल्या आणि दिलेल्या धावांवरून त्याची खरी ताकद जोखण्याचे सूत्र बिल जेम्स यांनी मांडले होते, आणि जेम्स त्या काळात रेड सॉक्सचेच सल्लागार होते. केलेल्या धावांच्या वर्गाला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले की अपेक्षित विजयांचे प्रमाण मिळते. बोस्टनने ७३४ धावा केल्या आणि ८०६ दिल्या. यातून ७३-७४ विजय निघतात. दुर्दैवाच्या खात्यावर फार तर चारपाच सामने टाकता येतात, बाकीची पडझड खरी होती.

पण खऱ्या पडझडीतही दुखापतींचा भाग वेगळा काढावा लागतो. जेकोबी एल्सबरी खांद्याच्या दुखापतीमुळे ७४ सामनेच खेळला. संघाचा मुख्य फटकेबाज डेव्हिड ऑर्टिझ टाचेच्या दुखण्याने ९० सामन्यांवर थांबला. पिचर जॉन लॅकी कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे वर्षभर मैदानात उतरलाच नाही. ही माणसे बरी होऊन परतली की संघ आपोआप सुधारणार होता. ज्या जागेचा मालक उन्हाळ्यात परतणार आहे, ती हिवाळ्यात महागड्या कराराने भरणे ही अशा वेळी हमखास होणारी चूक असते.

या हिवाळ्याचा सर्वांत मोठा निर्णय मात्र हिवाळ्याआधीच, २५ ऑगस्ट २०१२ रोजी झाला होता. बोस्टनने एड्रियन गोन्झालेझ, कार्ल क्रॉफर्ड, जॉश बेकेट आणि निक पुंटो हे चार खेळाडू लॉस एंजेलिस डॉजर्सना दिले. बेसबॉलमधील करार हमीचे असतात. खेळाडू जायबंदी झाला, त्याचा खेळ ढासळला किंवा त्याला संघातून काढले, तरी ठरलेला पैसा द्यावाच लागतो. क्रॉफर्डचा करार ७ वर्षांचा आणि १४ कोटी २० लाख डॉलरचा होता, गोन्झालेझचा ७ वर्षांचा आणि १५ कोटी ४० लाखांचा. या अदलाबदलीने बोस्टनच्या डोक्यावरचे २६ कोटी डॉलरहून अधिक भावी देणे उतरले. दोनच दिवसांपूर्वी क्रॉफर्डच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली होती, तरीही डॉजर्सच्या नव्या मालकांनी त्याला स्वीकारले, कारण त्यांना गोन्झालेझ हवा होता. क्रॉफर्डला एकट्याने कोणी उचलले नसते. नकोसा करार खपवायचा तर त्याच्याबरोबर चांगला खेळाडू द्यावा लागतो, आणि बोस्टनने ती किंमत मोजली.

हातात पैसा आला तरी तो कसाही उधळता येत नाही. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत ठरावीक रक्कम असते आणि ती संपली की बोली थांबते. मेजर लीगमध्ये अशी कमाल मर्यादा नाही, पण एक कररेषा आहे. २०१३ साठी ती १७ कोटी ८० लाख डॉलर होती. ती पहिल्यांदा ओलांडणाऱ्या संघाला जादा रकमेवर १७.५ टक्के कर होता, आणि सलग ओलांडत गेल्यास तो ५० टक्क्यांपर्यंत चढत होता. या हिशेबात त्या वर्षी खेळाडूच्या हातात पडणारी रक्कम धरली जात नाही, कराराची वार्षिक सरासरी धरली जाते. त्यामुळे पहिल्या वर्षी कमी आणि पुढे जास्त देण्याची युक्ती करापुरती निरुपयोगी ठरते.

खेळाडूंचे भावही वयापेक्षा लीगमधील सेवेवर ठरतात. पहिली तीन वर्षे खेळाडू किमान वेतनाच्या आसपास खेळतो, आणि २०१३ मध्ये हे वेतन ४ लाख ९० हजार डॉलर होते. पुढची तीन वर्षे पगारावर एकमत झाले नाही तर लवाद आकडा ठरवतो. सहा वर्षे पूर्ण झाली की खेळाडू मोकळा होतो आणि बाजारभाव मागू शकतो. म्हणून स्वतःच्या मायनर लीगमधून वर आलेला तरुण हा संघाचा सर्वांत स्वस्त विजय असतो, तर मोकळ्या बाजारातला तिशीचा खेळाडू सर्वांत महाग. त्या वर्षांत एका जादा विजयाचा बाजारभाव अभ्यासक ५० लाख डॉलर किंवा त्याहून थोडा अधिक धरत.

२०१२ च्या हिवाळ्यात एक नवा नियमही लागू झाला. मोकळा होणाऱ्या आपल्या खेळाडूला संघ एका वर्षासाठी १ कोटी ३३ लाख डॉलरचा प्रस्ताव देऊ शकत होता. तो नाकारणाऱ्या खेळाडूला दुसऱ्या संघाने घेतले तर त्या संघाला ड्राफ्टमधील, म्हणजे नव्या तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीतील, एक वरची निवड गमवावी लागे. हंगामाच्या मध्यात संघ बदललेल्या खेळाडूला मात्र असा प्रस्ताव देता येत नव्हता. चेरिंग्टन यांच्या निवडींवर या नियमाची छाया स्पष्ट दिसते. शेन व्हिक्टोरिनो, रायन डेम्प्स्टर आणि स्टीफन ड्रू हे तिघेही २०१२ च्या उन्हाळ्यात संघ बदललेले होते. त्या हिवाळ्यात बाहेरून घेतलेल्या एकाही खेळाडूपायी बोस्टनने ड्राफ्टमधील निवड गमावली नाही.

मॅनेजरची जागा आधी भरली गेली. जॉन फॅरेल पूर्वी बोस्टनचे पिचिंग प्रशिक्षक होते आणि आता टोरंटो ब्लू जेजशी करारबद्ध होते. त्यांना सोडवण्यासाठी बोस्टनने माइक आव्हिलेस हा खेळाडू टोरंटोला दिला. मग ऑर्टिझला २ वर्षांसाठी २ कोटी ६० लाख डॉलर देऊन राखले. त्यानंतर एकामागून एक करार झाले. राखीव कॅचर डेव्हिड रॉस २ वर्षांसाठी ६२ लाखांत आला. जॉनी गोम्स डावखुऱ्या पिचरांविरुद्ध विशेष चालणारा, तो २ वर्षांसाठी १ कोटीत आला. व्हिक्टोरिनोला ३ वर्षांचे ३ कोटी ९० लाख, डेम्प्स्टरला २ वर्षांचे २ कोटी ६५ लाख, शॉर्टस्टॉप ड्रूला एका वर्षाचे ९५ लाख, आणि ३७ वर्षांचा जपानी पिचर कोजी उएहाराला एका वर्षाचे ४२ लाख ५० हजार.

माइक नापोलीचे प्रकरण थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याच्याशी ३ वर्षांसाठी ३ कोटी ९० लाखांवर बोलणी पक्की झाली. सही होण्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या दोन्ही खुब्यांच्या हाडांना रक्तपुरवठा कमी पडत असल्याचे आढळले. व्यवहार आठवडे रखडला. अखेर जानेवारीत एका वर्षाचा करार झाला. हमी फक्त ५० लाखांची होती, आणि तो खेळत राहिला तर बोनस धरून १ कोटी ३० लाख मिळणार होते. वार्षिक रक्कम तीच राहिली, पण धोका संघाकडून कराराच्या अटींकडे सरकला. नापोलीने कॅचरची जागा सोडून फर्स्ट बेस सांभाळला, २३ होम रन मारले आणि पूर्ण रक्कम मिळवली. तपासणीचा अहवाल हातात असताना व्यवहार मोडून टाकणे सोपे होते. तो नव्या अटींवर टिकवणे हे या हिवाळ्यातले सर्वांत कसबी काम म्हणावे लागेल.

बाहेरून आलेल्या या सात जणांवरची एकूण हमी सुमारे १० कोटी डॉलर होते. एकट्या क्रॉफर्डचा करार त्याहून ४ कोटींनी मोठा होता. आणि तीन वर्षांपलीकडे जाणारा एकही करार यात नव्हता. त्याच डिसेंबरात लॉस एंजेलिस एंजल्सनी जॉश हॅमिल्टनला ५ वर्षांसाठी १२ कोटी ५० लाख दिले. तिसऱ्याच वर्षाच्या सुरुवातीला, त्याच्या पगाराचा बराचसा भाग स्वतः सोसून, त्यांनी त्याला परत टेक्सासला पाठवले.

बोस्टनच्या खरेदीत तारे नव्हते आणि शहर साशंक होते. संघाच्या घरच्या मैदानाची, फेनवे पार्कची, सर्व तिकिटे विकली जाण्याची मे २००३ पासूनची परंपरा एप्रिल २०१३ मध्ये, ८२० सामन्यांनंतर तुटली. पण संघ ९७ सामने जिंकला आणि त्याने लीगमध्ये सर्वाधिक ८५३ धावा केल्या. बरा झालेला लॅकी आणि सावरलेला एल्सबरी हिशेबाप्रमाणे परतले. शेवटचे गडी बाद करण्यासाठी मोठ्या आशेने आणलेला जोएल हॅनराहन कोपर दुखावून बसला, त्याच्या मागचा अँड्र्यू बेलीही जायबंदी झाला आणि ती जबाबदारी उएहाराकडे आली. त्याने ७४ डावांत १०१ फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद केले, चालत फक्त ९ जणांना जाऊ दिले, आणि एका टप्प्यात सलग ३७ फलंदाज परतवले. ४२ लाखांच्या कराराकडून हे कोणी मागितले नव्हते. आकडेमोड कितीही नेटकी असली तरी अशा देणगीशिवाय अजिंक्यपद सहसा हाती लागत नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये गोम्सच्या होम रनने चौथा सामना फिरवला, रॉसच्या फटक्याने पाचव्यात आघाडी मिळाली, आणि सहाव्यात व्हिक्टोरिनोने भरलेले तिन्ही बेस रिकामे केले. सेंट लुईस कार्डिनल्सना ४-२ ने हरवून बोस्टनने १९१८ नंतर प्रथमच फेनवे पार्कमध्ये विजेतेपद साजरे केले.

सगळेच करार फळले असे नाही. डेम्प्स्टर साधारणच खेळला आणि २०१४ चे १ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर सोडून देऊन मैदानाबाहेर झाला. आखूड करारांची दुसरी बाजूही लगेच दिसली. ते लवकर संपतात आणि जागा पुन्हा रिकाम्या होतात. एल्सबरी न्यूयॉर्क यँकीजकडे गेला, तरुण पर्याय अजून कच्चे होते, आणि २०१४ मध्ये संघ ७१ विजयांसह पुन्हा तळाला गेला.

त्या निराशेनंतरचा हिवाळा अगदी वेगळा होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये बोस्टनने हॅनली रामिरेझला ४ वर्षांसाठी ८ कोटी ८० लाख आणि पाब्लो सँडोव्हालला ५ वर्षांसाठी ९ कोटी ५० लाख दिले. २०१५ मध्ये संघ पुन्हा शेवटी राहिला आणि त्याच ऑगस्टमध्ये चेरिंग्टन पायउतार झाले. २०१२ च्या हिवाळ्यातला सर्वांत लांब करार, व्हिक्टोरिनोचा, त्याच वर्षी संपला. सँडोव्हालला जुलै २०१७ मध्ये संघातून काढण्यात आले, तो सॅन फ्रान्सिस्कोकडून खेळू लागला, आणि त्याच्या पगाराचा मोठा भाग बोस्टन २०१९ पर्यंत भरत राहिले.