कमरेचे तोसदान

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघालेल्या माणसाला तोफखान्याचा शेजार जाणवतोच. नाशिकरोडला तोफखाना केंद्र, पलीकडे देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय. तोफांचे आपल्याला कौतुकही भारी. जंजिऱ्याची कलालबांगडी आणि विजापूरची मुलूख-ए-मैदान सहलीला गेलेली शाळकरी पोरेही ओळखतात. मराठी शिपायाच्या कमरेला काय बांधलेले असे, याकडे मात्र फारसे कुणी वळले नाही.

तोड्याच्या बंदुकीचे काम असे चाले. नळीत दारू ओतायची, वर गोळी सोडायची, गजाने ठासायची, कानाजवळच्या खोलगट जागेत रंजक म्हणजे अगदी बारीक दारू घालायची आणि मग पेटता तोडा तिला टेकवायचा. म्हणजे हाताशी धुमसती दोरी आणि कमरेला दारू! एक ठिणगी चुकीच्या जागी पडली की संपलेच. दारू शिंगात ठेवायची ती यासाठी. शिंग हलके, ओल न धरणारे आणि ठिणगी न पाडणारे. तोंडाला घट्ट बूच. गोळ्या आणि तोड्याचे तुकडे कातडी बटव्यात. सरदारांची बारूददाने हस्तिदंताची, शंखाची, नक्षीकाम केलेली असत. आज काचेच्या कपाटांत दिसतात ती बहुतेक तीच.

साध्या बटव्याचे कातडे गावातच तयार होई. ढोर समाजातले कारागीर कातड्याचीच पिशवी शिवत, तीत बाभळीची साल आणि हिरडा भरून पाणी ओतत आणि ती टांगून ठेवत. कषाय पाणी झिरपत राही, पुन्हा ओतले जाई आणि कातडे हळूहळू पिकत जाई. मग चांभार ते कापून वादीने शिवी. शेतकऱ्याची मोट आणि पाणक्याची पखाल याच हातांची. या हातांवाचून लढाई उभी राहत नव्हती, आणि बखरींत त्यांचे नाव शोधून सापडत नाही.

दारू कोरडी राखणे ही राज्याचीही काळजी होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दारूखाना वस्तीपासून दूर ठेवावा, सर्दी लागू देऊ नये, दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून ऊन द्यावे, अशी बारीक ताकीद आहे. गडावर जे काम दारूखान्याचे तळघर करी, तेच शिपायाच्या अंगावर शिंग आणि कातडे करी.

अठराव्या शतकात कवायती पलटणी आल्या. 1761 मध्ये पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी लढल्या. पुढे महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपीय सेनानीकडून तशीच फौज उभारली. चापाच्या बंदुकीबरोबर कागदी काडतूस रुळले: मोजकी दारू आणि गोळी एकाच गुंडाळीत. त्यासाठी तोसदान लागे. कातडी पेटीत भोके पाडलेला लाकडी ठोकळा, एकेका भोकात एकेक काडतूस, वरून लांब झडप. पावसात ती झडप म्हणजे शिपायाचा जीव.

त्याच काळात, 1775 पासून, अमेरिकी वसाहती इंग्रजांशी लढत होत्या. तिथले शेतकरी घरची शिंगे घेऊनच रणात उतरले. त्यांवर मालकाचे नाव, साल, कधी नकाशाही कोरलेला असे. कातडी पेट्या पुरेनात तेव्हा पत्र्याचे डबे करून भागवले. शिंगावरच्या नावामुळे तिकडच्या अभ्यासकांना एखाद्या साध्या शिपायाचाही माग लागतो.

आपल्याकडे 1857 मध्ये काडतुसाच्या चरबीवरून वणवा पेटला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याजवळ भागोजी नाईकांच्या भिल्लांशी झालेल्या चकमकीत लेफ्टनंट हेन्री मारला गेला. पुढे 1878 च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरला. बंदूक गेली तशी बटव्याची गरजही गेली.

तलवारीला खंडेनवमीला झेंडूची फुले मिळत राहिली. कातडे मात्र आपल्या दमट पावसाळ्यात बुरशीने खाल्ले, उंदरांनी कुरतडले. संग्रहालयांच्या कोठारांत जे काही तुकडे उरले असतील, त्यांची नोंद नुसती ‘चामडी पिशवी’ एवढीच होऊ नये. कातडे कोणत्या जनावराचे, पिकवले कशाने, टाका कोणता, वादी कुठून ओवली, हे लिहायला हवे. आणि ते लिहिताना इतिहासकाराशेजारी कातडीकामात हयात घालवलेला एखादा जुना कारागीर मानधन देऊन बसवायला हवा.