कापसाचे थेंब

"डोळ्यांतून तर धार लागली हाय, मंग डॉक्टर कोरडे डोळे कसे म्हणते?" आजीचा हा प्रश्न. उत्तर शोधताना मी तिच्या थेंबांच्या बाटलीपर्यंत पोचले.

अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. बुबुळाला चिकटणारा श्लेष्म, पाणी आणि वर तेलाचा पातळ थर, असा तो पडदा असतो. तेल पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतं. (डोळ्यांत तेल घालून जागणं अगदीच अलंकारिक नाही तर!) पडदा लवकर फाटला की डोळा चुरचुरतो, आणि चुरचुरला की धार लागते. पण ते पाणी टिकत नाही, गालावर येतं.

म्हणजे थेंबांत पाणी धरून ठेवणारं काहीतरी हवं. आजीच्या बाटलीवर बारीक अक्षरांत होतं: कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, ०.५ टक्के. सेल्युलोज! पांढुर्णा-सौंसरच्या शेतांत वेचतात तो कापूस म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास सेल्युलोजच. सरकीला चिकटून राहिलेले आखूड तंतू किंवा लाकडाचा लगदा घेऊन कारखान्यात त्यावर रासायनिक प्रक्रिया करतात. मग पाण्यात कधीच न विरघळणारा हा पदार्थ विरघळतो, दाट होतो आणि डोळ्यावर टिकून राहतो. १ टक्क्याचे थेंब आणखी दाट. त्यांनी थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून ते झोपताना बरे.

काही बाटल्यांत सोडियम हायलुरोनेट असतं. त्याचं मूळ आम्ल कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातूनच वेगळं केलं होतं. पापणी मिटताना ते पातळ होतं, उघडल्यावर पुन्हा दाट.

पण आजी दिवसातून आठ-दहा वेळा थेंब घालायची, आणि खरी अडचण तिथेच होती. बाटलीत जंतू होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा बेन्झाल्कोनियम क्लोराइड घालतात. ते साबणासारखं वागतं: जंतू मारतं, तसंच तेलाचा थरही मोडतं, पेशींना दुखावतं. दिवसाला ४ पेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत असं सांगतात. एकदाच वापरायच्या छोट्या कुप्या मिळतात, महाग पडतात खऱ्या.

लाली घालवणारे नाफाझोलिनचे थेंब मात्र अश्रू नव्हेत. ते रक्तवाहिन्या आकसवतात फक्त, सवय लागली की लाली उलट वाढते.

उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात फेकायची. डोळा दुखला किंवा कमी दिसू लागलं, तर थेंब बदलत बसायचं नाही, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.