ह्यांच्या नोकरीचे कागद तुम्ही पाहिलेत का?

मैत्रिणींनो, घरातली साखर आणखी किती दिवस पुरेल हे तुम्ही डबा न उघडता सांगाल. पण तुमच्या मालकांच्या नोकरीच्या कागदांवर वारस म्हणून कुणाचे नाव लिहिले आहे, सांगता येईल? मलाही येत नव्हते.

आमच्या शेजारच्या वहिनींचे मालक सरकारी कचेरीत कारकून. 2009 साली नोकरीला लागलेले. गेल्या वर्षी इकडे हिंगोलीत घरोघरी हळद शिजत होती, त्या दिवसांत एका पहाटे छातीत कळ येऊन ते गेले. पदरात दोन शाळकरी मुली. भेटायला येणारा जो तो हळहळून सांगे, "2005 नंतरच्यांना पेन्शन नसते हो!" वहिनींनी ते खरे मानले आणि माळ्यावरचे शिलाई मशीन खाली काढले. मी बीए झालेली, शाळेत तासिकांवर शिकवणारी, पण मीही मान डोलावली.

हा समज येतो कुठून, ते आधी पाहू. आपल्या राज्यात 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून 10 टक्के कापले जातात, सरकार आपले 14 टक्के घालते आणि ती रक्कम बाजारात गुंतवली जाते. निवृत्त होताना जमेतले 60 टक्क्यांपर्यंत हातात मिळतात, उरलेल्यातून दरमहाची वर्षासने घ्यायची. ती किती बसतील ते आधी कुणी सांगू शकत नाही. जुन्या पद्धतीत मात्र शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन ठरलेली, वर महागाई भत्ता. म्हणूनच मार्च 2023 मध्ये राज्यभरचे कर्मचारी सात दिवस संपावर होते. त्या वेळी घरात बसून आपण "शाळा बंद, दवाखाने बंद" म्हणून कुरकुरलो, नाही का?

त्याच महिन्याच्या 31 तारखेला सरकारने एक निर्णय काढला. 2005 नंतर लागलेला कर्मचारी नोकरीत असताना वारला, तर त्याच्या कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान मिळू शकते. वहिनींना हे सांगितले माझ्या शाळेतल्या एका जुन्या बाईंनी, तेही दोन महिन्यांनी, सहज बोलता बोलता! कुटुंब निवृत्तिवेतन साधारण मूळ पगाराच्या 30 टक्के असते, सुरुवातीची काही वर्षे त्याहून जास्त. म्हणजे मूळ पगार 40 हजार असेल तर 12 हजार आणि वर महागाई भत्ता. दोन मुलींच्या आईला हे थोडे नाही.

पण मिळते म्हणजे लगेच मिळते असे नाही, बरे का. वहिनींच्या आधार कार्डावर माहेरचे नाव आणि कचेरीतल्या कागदावर लग्नात बदललेले. दोन्ही नावांची बाई एकच, हे सिद्ध करण्यात सात महिने गेले. प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, मग पुन्हा एकदा तेच. नामनिर्देशनही लग्नाआधीचे, सासूबाईंच्या नावाचे! कुटुंब निवृत्तिवेतनाला त्याची अडचण नसते, ते पत्नीलाच मिळते. पण फंडाची आणि उपदानाची रक्कम नामनिर्देशन पाहून देतात. सासूबाई शहाण्या, म्हणाल्या, "पैसा नातींचा आहे." प्रत्येकीची सासू असे म्हणेलच असे मी इथे छापून देणार नाही!

तेव्हा एखाद्या निवांत दुपारी मालकांना जवळ बसवा. नोकरीची तारीख 1 नोव्हेंबर 2005 च्या अलीकडची की पलीकडची, ते आधी विचारा. पलीकडची असेल तर 2023 च्या निर्णयानुसार विकल्पाचा अर्ज भरून दिला आहे का, हेही विचारा. कुटुंबाच्या तपशिलात तुमचे नाव आधारवर आहे तसेच, अक्षर न अक्षर लिहिलेले हवे. पगाराच्या बँकेत दोघांचे मिळून खाते असू द्या. सेवापुस्तक पाहण्याचा हक्क कर्मचाऱ्याला असतो. वर्षातून एकदा त्यांनी ते पाहावे आणि महत्त्वाच्या पानांची नक्कल घरी आणावी. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राची नवी एकीकृत पेन्शन योजना राज्याच्या मंत्रिमंडळानेही स्वीकारली. त्यात जायचे की नाही, हा हिशेब दोघांनी मिळून करायचा.

ज्यांचे मालक निवृत्त झालेत त्यांनी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नये. पेन्शनचा काही भाग विकून आधी घेतला असेल तर 15 वर्षे पेन्शन कमी येते, पण पुढे तुम्हाला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनातून ती कपात होत नाही. हे अनेकींना ठाऊकच नसते.

माझ्या तासिकांना पेन्शन नाही, म्हणून मी पोस्टात पीपीएफचे खाते उघडले आहे. वर्षाला निदान 500 रुपये भरावे लागतात, मी जमेल तसे जास्त भरते.

वहिनींच्या खात्यावर मागल्या महिन्यात पहिली रक्कम जमा झाली. त्या रात्री मी आमच्या ह्यांच्यापुढे विषय काढला. "आताच कशाला अभद्र बोलतेस?" म्हणाले. पण कपाटातली फाईल काढली. हे 1998 सालचे, म्हणजे जुन्या पेन्शनवाले. फंडाच्या कागदावर नाव कुणाचे? माझ्या सासूबाईंचे, ज्यांना जाऊन सहा वर्षे झाली. नवा अर्ज मी आणून भरून ठेवला आहे. ह्यांची सही तेवढी बाकी आहे.