घर अंगावर घालून निघताना

मंडळी, स्वतःचा अनुभव कपड्यात उतरतो तो कसा? हुसेन चालायान या डिझायनरचं काम पाहू. त्याचा जन्म १९७० साली सायप्रसच्या निकोसियात, तुर्की सायप्रियट घरात झाला. बेटावरच्या हिंसाचारात आणि १९७४च्या फाळणीत कितीतरी कुटुंबांना राहतं घर सोडावं लागलं.

फेब्रुवारी २०००मध्ये त्याने लंडनला ‘आफ्टर वर्ड्स’ हा शो केला. तेव्हा तो तिशीलाही पोचला नव्हता. मंचावर साधी बैठकीची खोली होती. मॉडेल्सनी खुर्च्यांच्या खोळी काढून अंगात घातल्या, त्यांचे झगे झाले. खुर्च्या मिटल्या, त्यांच्या सुटकेस झाल्या. शेवटी एकजण गोल लाकडी टेबलाच्या मधोमध उभी राहिली, तिने ते कमरेपर्यंत ओढलं आणि त्याचा घागरा झाला. मागे उरली रिकामी खोली.

बघा, यात बंदूक कुठेच दिसत नाही. घर सोडताना सोबत काय न्यायचं, एवढा एकच प्रश्न त्याने उचलला. म्हणून शिकणाऱ्यांना आम्ही सांगतो, आठवणीचं चित्र कापडावर छापण्याआधी स्वतःला विचारा: त्या वेळी आपल्या हातांना, अंगाला काय करावं लागलं होतं? कपड्याची बेतणी तिथूनच सुरू होते.