पहिली जुनी स्पोर्ट्‌स कार : घरच्या दुरुस्तीबद्दलचे गैरसमज

सातारा-सांगलीत जुन्या गाडीचा विषय निघाला की ‘स्पोर्ट्‌स कार म्हणजे राजेरजवाड्यांचं काम’ हे कुणीतरी म्हणतंच. जग्वार शोधत असाल तर म्हणणं खरं. पण स्टँडर्ड हेराल्ड बघा. १९६१पासून ती मद्रासला बनू लागली. इंग्लंडमध्ये तिच्याच चासीवरून १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्‌स कार निघाली. दोन्हींचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने रेखाटलेलं. आईवडील, मुलं, काका असे मिळून पहिल्यांदा हात घालणार असतील, तर मी हेराल्डच सुचवीन. तिची चासी वेगळी आहे आणि बॉडीचे भाग बोल्टांनी जोडलेले आहेत. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, त्यामुळे इंजिनाभोवती दोघातिघांना सहज उभं राहता येतं. फियाट ११००ला अशी वेगळी चासी नाही. तिथे पत्रा कुजला की सांगाडाच कुजला, आणि ते वेल्डिंग नवख्याने करू नये.

‘पार्ट मिळत नाहीत’ हे अर्धंच खरं. काचा आणि पट्ट्या शोधाव्या लागतात. पण हेराल्डचं ९४८ सीसी इंजिन आणि पहिल्या स्पिटफायरचं ११४७ सीसी इंजिन एकाच घराण्यातलं, म्हणून बरेच सुटे भाग आजही ब्रिटनहून मागवता येतात. बुश, पिन यांसाठी परदेशाकडे बघायलाच नको. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१०पासूनचा, साताऱ्यात कूपरची इंजिनं घडली. या पट्ट्यात लेथवर हात बसलेली माणसं आहेत, त्यांना जुना नमुना नेऊन दाखवा. पाने मात्र इंची घ्या. मिलिमीटरचा पाना लावला की नटाचे कोपरे गेलेच.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज गंजाचा. ‘आपल्याकडे समुद्र नाही, गाडी कोरडी राहते’ असं विकणारा सांगतो. माण-खटावची गाडी कोरडी असेलही, महाबळेश्वरची नसेल. आणि सांगलीच्या गाडीला पुराबद्दल विचारलंच पाहिजे. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. पुराचा गाळ दरवाजाखालच्या पोकळ पट्टीत आणि चासीच्या आत बसतो, ओल धरून ठेवतो, आणि पत्रा आतून खातो. वरून लांबी भरून रंग मारला की काही दिसत नाही. म्हणून चुंबक घेऊन जा. लांबीचा थर जाड असेल तिथे तो धरत नाही. गाडीखाली झोपून स्क्रूड्रायव्हरने चासी टोचून बघा, आणि हे पैसे देण्याआधी करा.

गाडी घरी आली की ‘पेट्रोल घाला, सेल्फ मारा’ असा आग्रह होतो. थांबा. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, इंजिन हाताने फिरवा, टाकी रिकामी करून धुवा. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदला, कारण आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलपुढे ते टिकत नाहीत. त्यानंतर ब्रेक. रंग शेवटी.

मुलं मदतीला असतील तर एवढं पाळाच : जुन्या ब्रेक-लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, जुन्या रंगात शिसं. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. रंग ओल्या पॉलिशपेपरने घासा, आणि त्या वेळी मुलांना लांब ठेवा. नट वर्गवारीने डब्यांत लावणं, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधणं, उघडण्याआधी फोटो काढणं ही त्यांची कामं. पुन्हा जोडणी करताना याच कामांवर सगळं अडतं.

‘पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात’ हाही समज चुकीचा. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढते. हवं ते इंजिन टाकायची मोकळीक मात्र नाही. देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी गाडी घडवली, तेव्हा आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच ती नियमात बसत नसल्याचं सांगितलं आणि २०२२मध्ये त्यांना बोलेरो दिली. केंद्राच्या २०२१च्या नियमांत पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक, मुदत १० वर्षं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापराला नाही. म्हणून सौदा करताना आरसी बुक, चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळवून बघा.