दोन नकारांचा हिशेब

दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागायतदार नव्या कर्जासाठी बँकेत गेला, म्हणजे त्याच्याजवळ गावच्या विकास सोसायटीचा बेबाकी दाखला मागण्यात येतो. आणि सचिवाने दप्तर चाळून 'तुमची बेबाकी झालेली नाही' असे सांगितले, तर 'बे' हा फारसी नकार व 'नाही' हा मराठी नकार यांनी परस्परांस छेद दिला असून आपल्या नावावर बाकी अजून उभी आहे, हे त्या गृहस्थास कोणत्याही तर्कशास्त्राच्या साहाय्यावाचून तत्काळ उमगते. त्याच घरातील मुलगा शाळेत 'आय डोन्ट हॅव नो मनी' असे लिहितो, तेव्हा मात्र वाक्यावर तांबडी रेघ ओढून त्याला सांगण्यात येते, की दोन नकारांचा होकार होतो, सबब तुझ्या वाक्याचा अर्थ 'माझ्याजवळ पैसे आहेत' असा झाला. ती रेघ योग्य आहे, परंतु तिच्यासाठी दिलेले कारण योग्य नाही. आणि या कारणापायी भाषेविषयी एक चुकीची समजूत मुलाच्या मनात आयुष्यभर घर करून राहते.

'कोणी काही बोलले नाही' या मराठी वाक्यात 'कोणी' आणि 'काही' ही पदे स्वतः नकारार्थी नव्हेत. नकार एकदाच, तोही क्रियापदाशी येतो. प्रमाण इंग्रजीतही तो एकदाच येतो. परंतु तो 'नोबडी' किंवा 'नथिंग' अशा पदाच्या पोटात शिरला, की क्रियापदास पुन्हा नकार लावण्याची मुभा राहत नाही. मुलाने 'नथिंग' म्हणजे 'काही नाही' असे पाठ केलेले असते, आणि क्रियापद नाकारण्याची त्याच्या जिभेची जन्माची सवयही सुटलेली नसते. म्हणून त्याच्या वाक्यात नकार दोनदा उमटतो.

असे वाक्य इंग्रजीला परके मुळीच नाही. चौदाव्या शतकातील चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये सरदाराचे सौजन्य वर्णिताना एकाच वाक्यात चार नकार घातले आहेत, आणि त्याने कधी कोणास अपशब्द उच्चारला नाही, याखेरीज दुसरा अर्थ त्यातून निघत नाही. दोन नकार परस्परांचा नाश करतात, हा दंडक इंग्रजी शाळांत रुजला तो पुढे अठराव्या शतकातील व्याकरणकारांमुळे. 1762 साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट लोथ यांच्या व्याकरणाच्या पुढील आवृत्त्यांचा त्यात मोठा वाटा आहे. लंडनच्या कष्टकरी वस्त्यांतील व अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत जुनी रीत आजही नांदते, आणि स्पॅनिश व रशियन या भाषांच्या तर प्रमाण रूपातही ती शिष्टसंमत आहे. 'मोठी द्राक्षे पिकली' या वाक्यात अनेकवचन तिन्ही पदांवर उमटले म्हणून द्राक्षांची संख्या तिप्पट होत नाही; तद्वत या भाषांत नकार अनेक पदांवर उमटला, तरी नाकारलेली गोष्ट एकच असते.

मग सचिवाच्या वाक्यात नकारांनी एकमेकांस छेद का दिला? तेथे दुसरा नकार पहिल्याची केवळ पुनरुक्ती करीत नाही, त्यालाच नाकारतो. आणि दोन नञ् मूळ अर्थ देतात, हा संस्कृत वैयाकरणांचा न्याय अशा ठिकाणी लागू पडतो. तोही सर्वत्र सारखा मात्र लागू पडत नाही. 'गैरहजर नव्हता' म्हणजे हजर होता, कारण या दोहोंमध्ये तिसरी अवस्था संभवत नाही. परंतु 'मी नाराज नाही' असे म्हणणारा व्याही प्रसन्नच असेल, असे कोणी समजत नाही, कारण नाराजी आणि प्रसन्नता यांच्यामध्ये पुष्कळ जागा शिल्लक असते व तो बहुधा तेथेच उभा असतो. इंग्रज मनुष्य 'नॉट अनहॅपी' म्हणतो, तोही याच मधल्या जागेतून. 'त्याचे ऐकले नाही असे नाही' यात होकार क्षीण होतो. उलट 'तो आल्यावाचून राहणार नाही' यात तो साध्या 'येईल'पेक्षा बळकट होतो. गणितात ऋणाला ऋणाने गुणले असता येणारे फल ठरलेले असते. भाषेत ते फल पदांचा स्वभाव आणि बोलणाराचा हेतू पाहून घ्यावे लागते.

न्यायालयांत या गोष्टीची जाणीव फार सूक्ष्म आहे. 'तुम्ही तेथे नव्हता ना?' या प्रश्नास मराठी माणूस 'हो' म्हणतो, ते 'नव्हतो' या अर्थाने. इंग्रजीत त्याच ठिकाणी 'नो' म्हणावे लागते. नुसत्या होकार-नकारावर भिस्त ठेवल्यास जबानीचा अर्थ उलटा लागण्याचा संभव असतो. म्हणून उलटतपासणीत वकिलाने सुचविलेली गोष्ट साक्षीदार अमान्य करतो, तेव्हा उत्तर पूर्ण वाक्यात लिहून घेतले जाते: 'हे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी तेथे हजर नव्हतो.'