वनस्पती तेलांपासून हायड्रोकार्बन इंधने : धातू उत्प्रेरकांची भूमिका

प्रस्तावना

१९०० साली पॅरिस येथील प्रदर्शनात डीझेल तत्त्वावरील एक लहान इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. तथापि वनस्पती तेल दाट असल्याने आधुनिक इंजिनात ते थेट वापरणे हितावह नाही. मिथेनॉलशी अभिक्रिया घडवून त्याचे जैवडीझेल करता येते. परंतु त्यात वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन शिल्लक राहतो. परिणामी त्याचे ऊर्जामूल्य खनिज डीझेलपेक्षा कमी असते व साठवणुकीत ते लवकर बिघडते. हा ऑक्सिजन काढून टाकल्यास खनिज इंधनासारखेच हायड्रोकार्बन मिळतात. तो कोणत्या मार्गाने काढावा आणि त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभिक्रियेचे मार्ग

तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलच्या कण्याला वसाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. सुमारे ३०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानास व उच्च दाबाखाली हायड्रोजनसह तेल उत्प्रेरकावरून नेले असता प्रथम साखळ्यांतील दुहेरी बंध संपृक्त होतात. नंतर साखळ्या सुट्या होतात व कण्यापासून प्रोपेन वायू तयार होतो. त्यापुढे साखळीच्या टोकाचा ऑक्सिजन प्रामुख्याने तीन रूपांत बाहेर पडतो : केवळ पाणी, कार्बन मोनॉक्साइड व पाणी, किंवा कार्बन डायऑक्साइड.

पहिल्या मार्गात सर्व कार्बन इंधनात टिकतो. १८ कार्बनी संपृक्त साखळ्यांच्या ट्रायस्टिअरिन या तेलघटकाच्या एका रेणूस हायड्रोजनचे १२ रेणू लागतात व ऑक्टाडेकेनचे तीन रेणू मिळतात. कार्बन डायऑक्साइडच्या मार्गात हायड्रोजनचे केवळ तीन रेणू पुरतात; मात्र प्रत्येक साखळीतील एक कार्बन गमावून १७ कार्बनी हेप्टाडेकेन मिळते. म्हणजेच ऑक्सिजन घालविण्याची किंमत एकतर हायड्रोजनच्या रूपाने किंवा कार्बनच्या रूपाने द्यावीच लागते. कोणता मार्ग प्रबळ ठरेल, हे बऱ्याच अंशी उत्प्रेरक ठरवितो.

उत्प्रेरकांची निवड

ॲल्युमिनाच्या आधारावरील निकेल-मॉलिब्डेनम व कोबाल्ट-मॉलिब्डेनम सल्फाइडे तेलशुद्धीकरण कारखान्यांत पूर्वापार वापरात आहेत. परंतु वनस्पती तेलात गंधक अत्यल्प असल्याने उत्प्रेरकातील गंधक हळूहळू निघून जाते. ते टिकविण्यासाठी गंधकाचे संयुग बाहेरून मिसळावे लागते. पॅलॅडियम गंधकाविना कार्य करते व कार्बन डायऑक्साइडच्या मार्गाला अनुकूल असते. परंतु ते महाग असून कार्बन मोनॉक्साइडमुळे त्याची क्रियाशीलता घटते. निकेल स्वस्त आहे, पण त्यावर मिथेन तयार होऊन हायड्रोजन वाया जाऊ शकतो. कच्च्या तेलातील फॉस्फरस व अल्कली धातू उत्प्रेरकाला निष्क्रिय करतात. म्हणून तेलाचे पूर्वशुद्धीकरण अनिवार्य ठरते.

अभिक्रियेने मिळणाऱ्या सरळ साखळ्या इंजिनात उत्तम जळतात. परंतु ऑक्टाडेकेन सुमारे २८ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे थंडीत असे इंधन गोठेल. यासाठी दुसऱ्या टप्प्यात प्लॅटिनमयुक्त सच्छिद्र उत्प्रेरकावर साखळ्यांना फांद्या फोडल्या जातात. विमान इंधनासाठी साखळ्यांचे काही प्रमाणात विभाजनही करावे लागते.

उपयोजन आणि मर्यादा

फिनलंडमधील नेस्टे कंपनीने २००७ मध्ये पोर्वो येथे अशा इंधनाचे औद्योगिक उत्पादन सुरू केले. भारतात डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने मोगली एरंडाच्या तेलापासून विमान इंधन तयार केले. २७ ऑगस्ट २०१८ रोजी त्याच्या मिश्रणावर डेहराडून ते दिल्ली असे प्रायोगिक उड्डाण झाले. २६ जानेवारी २०१९ च्या संचलनात वायुसेनेच्या एएन-३२ विमानानेही हे मिश्रण वापरले.

तंत्र सिद्ध झाले, तरी कच्च्या मालाचा प्रश्न उरतोच. भारत खाद्यतेलाची मोठी आयात करतो. त्यामुळे खाद्यतेल इंधनाकडे वळविणे परवडणारे नाही. मोगली एरंडाचे उत्पन्नही अनेक ठिकाणी अपेक्षेइतके आले नाही. म्हणून तळणीचे वापरलेले तेल व अखाद्य तेले यांकडे वळणे क्रमप्राप्त आहे. पण अशा तेलांत अशुद्धी अधिक, म्हणजे उत्प्रेरकाची कसोटीही अधिक. शिवाय हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून मिळविल्यास इंधनाच्या हरितपणाला तेवढी बाधा येते.

निष्कर्ष

सारांश, या प्रक्रियेचे मूल्यमापन केवळ मिळालेल्या इंधनाच्या टक्केवारीवरून करणे अपुरे आहे. खर्ची पडलेला हायड्रोजन, गमावलेला कार्बन, उत्प्रेरकाचे आयुष्य आणि तेलाचा स्रोत यांचा एकत्रित ताळेबंद मांडला, तरच तिची खरी उपयुक्तता स्पष्ट होईल.